होडी घेताय? आधी माणसे मोजा



गिरणाकाठी आपल्या काही सभासदांची जमीन नदीच्या दोन्ही अंगाला आहे. बंधाऱ्यात पाणी अडले की पलीकडच्या उसाला जायला लांबचा वळसा पडतो. म्हणून दोघा-तिघांनी मिळून होडी घ्यायची टूम निघाली आहे आणि "साहेब, कोणती घ्यावी?" अशी आम्हाला विचारणा होते. आम्ही ऊसवाले, नावाडी नव्हे. तरी बेणे-खत घेऊन होडीत बसलो आहोत, त्यावरून मत सांगतो : होडी कोणतीही घ्या, पण तिच्यात किती माणसे बसणार ते पैसे देण्याआधी ठरवा.

गाडीत जादा भरले तर बैल अडतो, आपल्याला कळते. होडी काही बोलत नाही. दहा फूट लांब, चार फूट रुंद अशा सपाट तळाच्या होडीत युरियाच्या दोन गोण्या टाकल्या, की ती सुमारे इंचभर खाली जाते. पाच माणसे बसली तर तीन-साडेतीन इंच. हिशेब सोपा आहे. पूर्ण भरल्यावर काठ पाण्याच्या वर निदान एक वीत राहिला पाहिजे. तेवढ्या खुणेवर रंगाचा पट्टा मारून घ्या. पट्टा पाण्यात गेला की एकाने उतरायचे, मग तो मालक का असेना.

8 ऑगस्ट 2019 रोजी पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून सुटका करणारी बोट उलटली आणि 17 जीव गेले. क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसली होती. 21 मे 2024 ला उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने बोट उलटून सहा जण गेले. तिथे तर पूरही नव्हता. वळवाचे वारे आपल्याकडेही असेच अचानक सुटते. आभाळ भरले की होडी काठाला.

दुसऱ्याला शहाणपण सांगताना आमचीही चूक सांगितली पाहिजे. एका लागणीच्या वेळी आम्ही बेण्याच्या मोळ्यांवर बसून पलीकडे गेलो. काठ पाण्याला लागत होता. "काही नही व्हत, बसा भाऊसाहेब," असे कुणी म्हटले आणि आम्ही बसलो. आम्ही उतरलो असतो तर मागचे चौघेही उतरले असते.

नदीही ओळखून घ्या. वाळू उपशाने गिरणेच्या पात्रात ठिकठिकाणी खोल खड्डे झाले आहेत. गुडघाभर पाण्यापुढचे पाऊल पुरुषभर पाण्यात पडते. त्यामुळे "पाणी काय, कमरेएवढे" हा हिशेब सोडा. बंधाऱ्यावरून पाणी सांडत असेल तर त्याच्याजवळ, वरच्या किंवा खालच्या अंगाला, होडी नेऊच नका. धरणातून आवर्तन सुटणार असेल तर पाटबंधारे ऑफिसात विचारून घ्या. वल्हे मारण्याचे शिक्षण भोई मंडळींकडून घ्यावे, त्यात कमीपणा नाही. चार दिवस त्यांच्याबरोबर नुसते बसले तरी धार कुठे तिरकी कापायची ते समजते.

लाकडी होडी आपल्या उन्हात उघडी ठेवली तर फळ्या फाकतात. सावलीत पालथी ठेवा, सांधे डामराने बुजवा, आणि पहिल्या फेरीआधी पाण्यात फुगू द्या. पत्र्याची असेल तर तळाचा गंज पाहा. जादा वल्हे, दोर, पाणी उपसायला डबा होडीतच बांधलेला असावा. इंजिन बसवणार असाल तर 2021 च्या अंतर्देशीय जहाज कायद्याप्रमाणे नोंदणी आणि तपासणी लागते; ते काम टाळू नका.

लाइफ जॅकेट मात्र माणशी एक, आणि अंगात घातलेले. बाकाखाली ठेवलेले जॅकेट बुडणाऱ्याच्या कामाचे नाही.

शेवटी तोडणीचे. टोळी पलीकडे न्यायची घाई मुकादमाला असते, आपल्यालाही असते. बायामाणसे, लेकरे, कोयते, भांडीकुंडी एकाच फेरीत कोंबली जातात. यातल्या किती जणांना पोहता येते? कुणी विचारत नाही. आमच्या मते टोळी होडीने नेऊच नये, वळसा पडला तरी ट्रॅक्टरने न्यावी. डिझेलच्या त्या खर्चावरून आमच्याशी भांडायला कुणी आले तर आम्ही भांडू.

ज्यांनी होडी घेतली आहे किंवा घेणार आहेत त्यांनी बंधाऱ्याला बरगे बसण्यापूर्वी गट ऑफिसात नाव आणि जॅकेटचा आकडा लिहून द्यावा. लहान मुलांची मापे वेगळी लिहावीत.