जन्मस्थळ : रोहे

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'जन्मस्थळ' नावाचा एक रकाना असतो. गेली वीस वर्षे तो मी भरीत आलो आहे. त्यात 'रोहे', 'पेण', 'नागोठणे' असे लिहिताना माझा हात कधी थबकला नाही. जन्मतारखेवरून तंटे होतात, जातीचा मजकूर तर समितीपुढे जातो. जन्मस्थळाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. परंतु आमच्या भागातली जी मुले अमेरिकेस गेली, त्यांचे उभे आयुष्य नेमके याच रकान्यापाशी अडून बसले आहे, हे मला फार उशिरा कळले.

आमच्याकडे पेढे वाटण्याचे प्रसंग अलीकडे वाढले आहेत. मुलाला विद्यार्थी-व्हिसा मिळाला, पेढे. तो बदलून नोकरीचा, म्हणजे एच-वन-बी झाला, पुन्हा पेढे. सून एच-फोरवर निघाली, ओटी भरून पेढे. गावची समजूत अशी, की पाचवीतून सहावीत जावे तसा मुलगा वर सरकतो आणि शेवटी ग्रीन कार्ड नावाची मॅट्रिक होतो. ही समजूत साफ खोटी आहे. ती पसरवण्यात पाट्या लावून बसलेले सल्लागार जितके दोषी, तितकेच निरोप-समारंभात भाषणे ठोकणारे आम्ही मास्तरही.

वस्तुस्थिती काय आहे? विद्यार्थी-व्हिसा मागताना मुलाला सांगावे लागते की माझे घर भारतात आहे व ते सोडण्याचा माझा इरादा नाही. बापाने त्याच घराची जमीन गहाण टाकलेली असते, ती मुलाने तिकडे कायम राहावे म्हणून! शपथेचा आरंभच असा. पुढे नोकरीच्या व्हिसाची सोडत; वर्षाला ६५ हजार जागा, आणि तिकडची वरची पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार. चिठ्ठी निघाली तर मुक्काम तीन अधिक तीन, सहा वर्षांचा. १९९० च्या कायद्याने या व्हिसावाल्याला कायम राहण्याची इच्छा उघड बोलून दाखवण्याची मुभा दिली, एवढाच काय तो फरक. पण इच्छा बोलून दाखवणे निराळे आणि रांगेत उभे राहणे निराळे. रांगेतला नंबर व्हिसा बदलल्याने लागत नाही, मालकाने ग्रीन कार्डासाठी अर्ज घातला म्हणजे लागतो. शिक्षणाची वर्षे तर हिशेबातच नाहीत, आणि नोकरीची दहा वर्षे भरली तरी ती आपोआप पिकत नाहीत.

मालक बदलला तर? पहिल्या मालकाची शिफारस मंजूर झालेली असेल, तर नंबराची जुनी तारीख सहसा टिकते. ती मंजूर होण्याआधी नोकरी सोडली तर पाटी कोरी. दुसऱ्या वर्गातून तिसऱ्या वर्गाच्या रांगेत गेले तरी तारीख सोबत येते, म्हणून लोक इकडून तिकडे उड्या मारतात. हे बारकावे पेढे खाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असतात?

आता जन्मस्थळाकडे येतो. नोकरीच्या वर्गातून वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे निघतात, बायकामुले धरून. त्यात कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना ७ टक्क्यांहून अधिक नाहीत. दुसऱ्यांचे उरले तर पानात थोडे वाढून मिळते, इतकेच. भारताला ७ आणि आइसलँडलाही ७! १९६५ साली देशागणिक ठरलेले जुने कोटे मोडल्याचा डांगोरा त्या देशाने पिटला. पण देशागणिक कमाल मर्यादा ठेवून जन्मभूमी मागच्या दाराने आत घेतली. २०२५ च्या ऑक्टोबरात भारतीयांच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्गात २०१३ सालच्या अर्जांचा पुकारा चालू होता.

आणि गंमत पाहा. रोह्याच्याच एखाद्या घरातली मुलगी, बाप कुवेतला नोकरीस असताना तिथे जन्मली, तर अमेरिकेच्या लेखी ती कुवेतच्या वाट्यातली. कुवेत तिला जन्मावरून नागरिकत्व देत नाही. पण तिच्याशी लग्न केलेला रोह्याचा मुलगा तिच्या जन्मस्थळाच्या जोरावर भारताच्या रांगेतून बाहेर पडू शकतो. पत्रिका जुळवणाऱ्यांनी यापुढे हा सदतिसावा गुण मोजावा!

पेणेत बेने इस्रायलींचे सिनेगॉग आहे. १९५० च्या परतीच्या कायद्याने इस्रायलने जगभरच्या ज्यूंना दार उघडले, तेव्हा आमच्या कुलाब्याचे शनवार तेली तिकडे गेले. तिथेही कुळावरून त्यांच्या लग्नांना हरकती निघाल्याच. १९६४ साली सरकारने त्यांना पूर्ण ज्यू म्हणून जाहीर केले तेव्हा तो वाद निवला. पण तिथे निदान जन्माने दार उघडले होते. इथे मात्र मेहनत केलेल्याला जन्म आडवा येतो.

यावर आमचे काही मित्र म्हणतात, "ज्याचे घर त्याची कडी, नसेल पटत तर परत या. चिंतामणराव देशमुख नाही आले?" आले. पण चिंतामणराव केंब्रिजला गेले तेव्हा ते साम्राज्याचे प्रजाजन होते. विलायतेच्या दारात त्यांना व्हिसाचा प्रश्नच नव्हता. ज्याला परतण्याचे स्वातंत्र्य होते त्याचा दाखला, ज्याची बायको, मुले, घराचे कर्ज आणि रांगेतला बारा वर्षांचा नंबर तिकडे अडकला आहे त्याला देऊ नये. कडी त्यांची, हे मी मान्य करतो. परंतु पंधरा वर्षे कर घ्यायचा, काम घ्यायचे आणि ओसरीवरच बसवून ठेवायचे, हा कुठला घरंदाजपणा?

सर्वात क्रूर गोष्ट मुलांची. चार वर्षांची असताना नेलेली पोर एकवीस वर्षांची झाली की बापाच्या अर्जातून सहसा गळते. २००२ च्या कायद्याने वय मोजण्यात थोडी सवलत दिली, ती इतक्या लांब रांगेला पुरत नाही. मग तिने राहायचे तर बहुधा विद्यार्थी-व्हिसावर जायचे, आणि सांगायचे की माझे घर रोह्याला आहे, मी तिथे परत जाणार! ते घर तिने दोनदा पाहिलेले असते, त्यातले एकदा गणपतीत.

पेण तालुक्यातल्या बावीस गावांनी २००८ साली सेझबाबत मतदान करून जमिनी राखल्या. त्या शेतकऱ्याला लाख समजावूनही त्याने सातबारा सोडला नाही. तोच सातबारा आज एका माहितीपत्रकावर गहाण पडताना मी पाहतो, आणि तेव्हा कोणी मतदान मागत नाही.

गेल्या श्रावणात एक गृहस्थ शाळेत आले. मुलगा विद्यार्थ्याचा नोकरीवाला होत होता आणि अर्ज पडलेला होता. निकालाआधी देशाबाहेर पाऊल टाकले तर तो बदल सोडून दिला असे धरतात. म्हणून आजी गेली तरी नातू आला नव्हता. २०२५ च्या सप्टेंबरात नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचा आकार बसवणारे फर्मान निघाले आणि पुढच्या महिन्यात, तिथेच राहून व्हिसा बदलणाऱ्याला तो लागू नाही, असा खुलासा आला. त्यामुळे बाहेर पडण्याची धास्ती दुप्पट झालेली. त्यांनी धाकट्याचा दाखला मागितला. तोही जाणार होता. मग हळूच म्हणाले, "गुरुजी, जन्मस्थळात मुंबई घातले तर काही फरक पडेल का हो?"

मी त्यांना बसायला सांगितले, कोरा कागद घेतला आणि त्यावर तारखा मांडू लागलो. सातबारा त्यांच्या पिशवीत होता.