‘मेजर’ उभे राहिलेत, मग विचारायचं काय?

आमच्या गावात फौजेतून आलेल्या प्रत्येकाला ‘मेजर’ म्हणतात. शिपाई असो, नायक असो, नाही तर सुभेदार, हुद्दा कुणी विचारत नाही. साताऱ्याकडं हे सगळीकडंच चालतं. तुमच्याही भावकीत नाही तर गल्लीत असे एखादे मेजर असतीलच. आमचे मेजर सतरा वर्षांची नोकरी करून हवालदार म्हणून परत आले आणि पुढच्याच निवडणुकीत सरपंचपदाला उभे राहिले. बॅनरवर वर्दीतला फोटो आणि खाली एकच ओळ : सीमा सांभाळली, आता गाव सांभाळणार. समोरच्या उमेदवाराला बोलायला जागाच उरली नाही. बोलणार काय? मी तेव्हा शाळेत होते. मत असतं तर डोळे झाकून दिलं असतं.

मेजर निवडून आले आणि गावाला शिस्त लागली, हे खोटं नाही. पाणी ठरल्या वेळेला सुटायला लागलं. ग्रामपंचायतीचं कुलूप दहाच्या ठोक्याला उघडायचं. खर्चाचा कागद फळ्यावर लागायचा, तोही वाचता येईल अशा अक्षरात. पण पहिल्याच ग्रामसभेत एकानं गटाराचा ठेका कुणाला दिला म्हणून विचारलं, तर मेजर म्हणाले, ‘खाली बस.’ आणि तो खरंच बसला. वर्दी तेव्हा घरी पेटीत घडी घालून ठेवलेली होती, तरी बसला. पुढं रस्त्यावरच्या भाजीवाल्यांना एका दिवसाची मुदत देऊन हलवलं. जायचं कुठं, हे काही ठरलेलं नव्हतं. मग लोक ग्रामसभेला यायचेच बंद झाले. कोरम नाही, सभा तहकूब. परवा सुट्टीत भेटले तेव्हा मेजर स्वतःच म्हणाले, ‘पलटणीत हुकूम वरनं येतो. इथं तो खालनं यायचा असतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.’

लष्करात नोकरी केली म्हणजे माणूस नेता व्हायला लायक ठरतो का, हा प्रश्न कॉलेजच्या डिबेटमध्ये आला की आपण दोन टोकं पकडतो. एक गट म्हणतो, देशाचं नेतृत्व जवानांच्याच हाती द्या, सगळे सुतासारखे सरळ होतील. दुसरा लगेच पाकिस्तानवर जातो : १९५८ मध्ये अयुब खान, १९७७ मध्ये झिया, १९९९ मध्ये मुशर्रफ. पण तिथं जनरल वर्दीत असताना सत्तेवर बसले. आपल्याकडचे निवृत्त होऊन, मतं मागून येतात. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नोकरीत असताना आपला जवान टपालानं मत देऊ शकतो, राजकीय सभेला जाऊ शकत नाही. निवृत्तीनंतर मात्र त्याला उभं राहायचा तुमच्या-माझ्याइतकाच हक्क आहे. प्रश्न हक्काचा नाहीच. वर्दी बघून आपण काय विचारायचं सोडून देतो, प्रश्न तो आहे.

पूर्वीच्या मतदारांना हे आपल्यापेक्षा बरं कळायचं की काय, कोण जाणे. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय लष्करप्रमुख जनरल करिअप्पा १९७१ मध्ये लोकसभेला उभे राहिले होते, तेही आपल्या मुंबईतून. पडले. २०१४ मध्ये दुसरे लष्करप्रमुख, जनरल व्ही. के. सिंह, गाझियाबादहून पाच लाखांहून जास्त मतांनी निवडून आले. ते निवृत्त झाले होते २०१२ मध्ये. मध्ये दोन वर्षंही गेली नव्हती, आणि मला तरी हे खटकतं. एवढ्या मोठ्या पदावरून पक्षात जाताना मध्ये चार-पाच वर्षांची भिंत हवी. नाही तर शेवटच्या दिवसांत घेतलेल्या प्रत्येक निर्णयाकडं लोक संशयानं बघणार, आणि त्याचा तोटा त्या माणसापेक्षा लष्कराला जास्त.

तसं बघितलं तर वर्दीनं काहीच सिद्ध होत नाही. १९६२ च्या युद्धात कृष्ण मेनन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावं लागलं आणि नेहरूंनी आपल्या मुख्यमंत्र्यांना, यशवंतराव चव्हाणांना, दिल्लीला बोलावलं. कराडचा वकील, स्वातंत्र्यलढ्यातला कार्यकर्ता. फौजेत कधी नव्हते. १९६५ च्या युद्धात संरक्षणमंत्री तेच होते. १९७१ च्या युद्धात हे खातं जगजीवनराम यांच्याकडं होतं, तेही कधी फौजेत नव्हते. पण टाळ्या वाजवायच्या आधी लक्षात घ्या, मेननही नव्हते. उलट बाजूला पंजाबचे अमरिंदर सिंग. लष्करात काही मोजकी वर्षं, राजकारणात चार दशकांहून जास्त, तरी नावामागं ‘कॅप्टन’ कायम. दोनदा मुख्यमंत्री झाले ते कॅप्टन म्हणून की मुरलेले राजकारणी म्हणून, हे तुम्हीच ठरवा.

मला यात सगळ्यात बोलकी वाटते ती उत्तराखंडच्या भुवनचंद्र खंडूरींची गोष्ट. हे निवृत्त मेजर जनरल, लष्कराच्या इंजिनिअर्समधले. वाजपेयी सरकारात महामार्गांचं खातं सांभाळलेले. कडक, स्वच्छ अशी ख्याती. २०१२ ची विधानसभा भाजपनं ‘खंडूरी है जरूरी’ या घोषणेवर लढवली. पक्षाला ३१ जागा मिळाल्या, काँग्रेसला ३२. आणि मुख्यमंत्री खंडूरी स्वतः कोटद्वारला हरले. राज्यभर ज्यांच्या नावानं मतं मागितली, त्यांनाच घरच्या मतदारांनी घरी बसवलं.

पण गोष्ट इथं संपत नाही. पुढं खासदार असताना ते संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अध्यक्ष झाले. २०१८ च्या मार्चमध्ये या समितीचा अहवाल आला. लष्कराची ६८ टक्के सामग्री जुनाट झालीय, हे सैन्याच्या उपप्रमुखांनीच समितीला सांगितलं होतं आणि समितीनं ते छापून देशासमोर ठेवलं. पैसे पुरत नाहीत, हेही स्पष्ट लिहिलं. सरकार त्यांच्याच पक्षाचं होतं. त्याच वर्षी समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडून गेलं. लष्करातल्या नोकरीचा राजकारणात उपयोग होतो तो असा, असं मला वाटतं. कुठल्या कपाटात काय दडलंय हे माहीत असतं, आणि उत्तर देणाऱ्या जनरलचा दबाव येत नाही. पोस्टरवर फोटो लावण्यापेक्षा हे काम कितीतरी अवघड आहे. पण त्याची रील होत नाही.

पोस्टरचं म्हणाल तर, प्रचारात जवानांचे फोटो वापरू नका हे निवडणूक आयोगानं २०१३ मध्ये पक्षांना सांगितलं आणि २०१९ मध्ये पुन्हा सांगावं लागलं. पुन्हा का सांगावं लागलं, हे आपल्या प्रत्येकाच्या व्हॉट्सॲप ग्रुपला माहितीय.

आता हे सगळं तुमच्या-माझ्या दारात येणार आहे. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर कायम होणार, बाकीचे घरी. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६-२७ मध्ये भरतात. आपल्याबरोबर अकरावीच्या बाकावर बसलेली, पहाटे पाचला भरतीसाठी रस्त्यावर पळणारी ही पोरं पंचविशीच्या आतच परत येतील. ग्रामपंचायतीला उभं राहायला वय लागतं २१. त्यातले काही उभे राहणारच, आणि राहावंच. पण त्यांच्या बॅनरवरची ओळ वाचून आपण गप्प बसलो, तर आपण त्यांचाही घातच करतो. कुणी प्रश्नच विचारला नाही, तर ग्रामसभा कशी चालवायची हे त्यांना शिकवणार कोण? रस्त्याचं, पाण्याचं, शाळेच्या शिक्षकाचं जे इतरांना विचाराल, तेच त्यांनाही विचारा. विरोधात मत देणाऱ्या वाडीत पहिल्या महिन्यात जाणार का, हेही विचारा. फौजेत शत्रू समोर असतो. गावात विरोधक शेजारी राहतो, आणि पाच वर्षांनीही तो तिथंच असणार असतो.

आमचे मेजर पुन्हा उभे राहणार म्हणतायत. या वेळी माझं मत आहे. प्रचाराला घरी आले की आधी चहा देणार, मग भाजीवाल्यांच्या जागेचं काय ठरवलंय ते विचारणार. ‘खाली बस’ म्हणाले तरी.