कार्डावरचा बारीक आकडा

नवा कॅमेरा घेताना आपण लेन्सवर तासभर डोकं खातो आणि मेमरी कार्ड? "द्या हो कुठलंही!" थांबा जरा. कार्डावर ठळक छापलेला २०० एमबीचा आकडा बहुतेकदा वाचायच्या वेगाचा असतो. शूटिंगला लागतो लिहिण्याचा वेग. त्यासाठी बारीक अक्षरातलं 'व्ही३०' शोधा, म्हणजे सेकंदाला सलग किमान ३० एमबी. १०० एमबीपीएसचा फोर-के व्हिडिओ साडेबाराच मागतो. पुरून उरतं! मी १२८ जीबीच्या एका कार्डाऐवजी ६४ची दोन घेते. एक रुसलं तरी दुसरं हाताशी. शिवाय घरी आल्यावर ते एकदा काठोकाठ भरून फाइल्स उघडून बघते. नकली कार्ड तिथेच उघडं पडतं. ताईच्या लग्नातल्या सप्तपदीला रिटेक नसतो ना!