गोड बीअर आणि मोहाचा सडवा

दिवाळीत गोड जास्त झाले म्हणून कोणी तक्रार करीत नाही. बीअरचे मात्र तसे नाही. ती गोड निघाली की करणाऱ्याचे तोंड कडू होते!

लीड्सला असलेल्या माझ्या भाच्याचे तसे झाले आहे. तिकडे घरच्यापुरती बीअर करायला लागणारा परवाना 1963 सालीच रद्द झाला. (आपल्याकडे परवान्याशिवाय असले काही करणे गुन्हा आहे, तेव्हा वाचकांनी हात शिवशिवू देऊ नयेत.) त्याने विचारले, "मामा, वीस लिटरचे सरबत झाले आहे. तसेच बाटल्यांत भरू का?"

आता दवनीवाड्यात बीअरचा जाणकार कुठून आणावा? पण शेजारच्या आजोबांनी बीअर पाहिली नसली, तरी मोहफुले भिजलेली मडकी लहानपणी पुष्कळ पाहिली आहेत. ते म्हणाले, "सडवा गोड लागते ना भाऊ, मंग तो झालाच नाही."

निम्मे उत्तर यातच आले. वाळलेल्या मोहफुलात वजनाच्या निम्म्याच्या आसपास किंवा अधिकच साखर असते, आणि ती बहुतेक यीस्टला सरळ खाता येते. साखर खायची आणि मद्य व वायू सोडायचा, हेच यीस्टचे काम. तेव्हा सडव्यात गोडी उरली, तर खाणारा थांबला. गारठला असेल, दाट साखरेत गुदमरला असेल, नाहीतर स्वतःच केलेल्या मद्याने बेजार झाला असेल.

बीअरचे उरलेले निम्मे उत्तर जवात आहे. जवात साखर नसते, पिष्ट असते. मोड आणून वाळवलेले जव गरम पाण्यात घातले की त्यांच्यातलीच पाचकद्रव्ये पिष्टाचे तुकडे करतात. पाणी 63 ते 65 अंशांवर राहिले, तर तुकडे बारीक होतात. यीस्ट ते बहुतेक फस्त करते. 70 अंशांकडे गेले, तर मोठे तुकडे बरेच उरतात, आणि ते यीस्टच्या दाताखाली येत नाहीत. अशी बीअर महिनाभर ठेवली तरी दाट आणि गुळचटच.

भाच्याचे पाणी 65 वर होते. पण बादली त्याने गॅरेजमध्ये ठेवली होती, 12 अंशांत! त्याच्या जातीच्या यीस्टला 18 ते 22 अंश लागतात. ते बिचारे तळाशी जाऊन झोपले. घनता 1.048 वरून 1.012 च्या आसपास यायची, ती 1.024 वर अडली.

अशी बीअर बाटलीत भरणे म्हणजे सुतळी बॉम्ब कपाटात ठेवणे. फेसासाठी लिटरला सहा-सात ग्रॅम साखर पुरते. इथे खाण्याजोगी साखर त्याच्या चौपट तरी शिल्लक होती. घर तापले, यीस्ट जागे झाले, की वायूला वाट नाही आणि काच फुटते. बादली उबेत आण, तळचा गाळ हलक्या हाताने ढवळ, आणि घनता खाली येऊन तीन दिवस एकाच आकड्यावर राहीपर्यंत बुचाला हात लावू नकोस, असे मी कळवले.

उबेत ठेवून, ताजे यीस्ट घालूनही आकडा हललाच नाही, तर दोष पाण्याच्या तापमानाचा समजावा. मग त्या बीअरला उबेचा आणि ताज्या यीस्टचा इलाज चालत नाही. गोडच प्यायची.