परसांतले गायक आणि आपलीं मुलें

फाल्गुन सरतां सरतां शाळेंत वार्षिक परीक्षेची धांदल सुरू होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत वर्गाबाहेरच्या कडुलिंबाच्या शेंड्यावर दयाळ गाऊं लागतो. अशा वेळीं मुलांना "घटकाभर पुस्तक मिटा आणि परसांत चला" असें सांगणारा शिक्षक पालकांस अंमळ वेडगळ वाटेल, हें मी जाणून आहें. तरीहि माझा आग्रह आहे. गणिताचा राहिलेला धडा जूनमध्यें पुरा करतां येतो. पांगाऱ्याचीं तांबडीं फुलें आणि त्यांवर लोटणारी पक्ष्यांची जत्रा जूनपर्यंत वाट पाहत बसत नाहीं.

ह्यासाठीं रानांत जावें लागत नाहीं, कीं महागडी दुर्बीण लागत नाहीं. दयाळ थंडीभर आपल्याच कुंपणाच्या आडोशानें मुकाट्यानें वावरत होता. वसंत लागला कीं तो पहांटे झुंजूमुंजू होतांच उंच जागा गांठून शीळ घालूं लागतो. दुपारीं सारें घर निजलें असतां 'टुक्, टुक्, टुक्' असा जो एकसुरी आवाज येतो, तो तांबटाचा. कोणी दूर बसून तांब्याचें भांडें ठोकीत असावें तसा तो लागतो, म्हणूनच हें नांव. चिमणीहून किंचित् मोठा, ठेंगणा, हिरवा पक्षी. कपाळावर तांबडा टिळा. पानांत असा मिसळतो कीं दिसतां दिसत नाहीं. दिसलाच तर मुलाला एवढेंच विचारावें, "बाळ, तो ओरडतांना चोंच उघडतो काय?" उघडीत नाहीं. चोंच मिटलेली असते आणि दर ठोक्यास गळ्याची कातडी फुगते व बसते. हें सांगून पटण्यासारखें नाहीं, पाहूनच पटतें.

कोकिळाची गोष्ट तर आपल्या भाषेनेंच उलटी करून ठेविली आहे. 'कोकिळा गाते' असें आपण म्हणतों. गाणारा असतो काळाभोर, तांबड्या डोळ्यांचा नर. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके असलेली. ती कावळ्याच्या घरट्यांत अंडें घालते आणि तिचें पिलूं कावळीण पोसते. हें वर्गांत सांगितलें कीं दरवर्षीं एखादी तरी मुलगी उठून विचारते, "सर, मग ही फसवणूक नाहीं का?" ह्या प्रश्नाचें उत्तर मला अजून नीटसें देतां आलेलें नाहीं.

पालक म्हणतात, आम्हांस वेळ कोठें आहे. मोबाइलवर सारे पक्षी दिसतात, आवाजासकट. दिसतात खरे. पण त्या चित्रांतला पक्षी नेहमीं समोर, नेहमीं स्पष्ट, आणि बोलावूं तेव्हां हजर. परसांतला पक्षी अर्ध्या क्षणांत उडतो, आणि मग बापलेकांना पायरीवर बसून वाट पाहावी लागते. माझ्या मतें त्या वाट पाहण्यांतच पुष्कळसें शिक्षण आहे. तें मुलाला एकट्यानें मिळत नाहीं. शेजारीं कोणी मोठें माणूस, घड्याळाकडे न पाहतां, बसलेलें असावें लागतें.

डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) यांच्या बालपणची हकीकत प्रसिद्ध आहे. मुंबईंत असतां त्यांनीं छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हें विचारावयास तो मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेला. तेथील मानद चिटणीस मिलार्ड साहेबांनीं पक्षी ओळखून दिलाच, शिवाय कप्पे ओढून संग्रहांतले पक्षी एकामागून एक त्याला दाखविले. १९४१ सालीं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' हा ग्रंथ लिहिणाऱ्या पक्षिशास्त्रज्ञाचा प्रवास त्या कप्प्यांपासून सुरू झाला.

हाच आदर्श पुढें ठेवून मींहि एकदां मुलांपुढें एक कप्पा उघडला. तो उघडावयास नको होता.

आमच्या बिऱ्हाडामागें देशी बदामाचें एक रोप आहे. एका एप्रिलमध्यें त्यावर शिंपी पक्ष्यानें घरटें केलें. हा चिमणीहूनहि लहान पक्षी पानाच्या दोन्ही कडांना चोंचीनें भोंकें पाडतो, कापसाचे किंवा कोळ्याच्या जाळ्याचे तंतु त्यांतून ओवून पानाची पुडी शिवतो, आणि त्या पुडींत मऊ कापूस भरतो. पान देठाशीं जिवंत राहतें, हिरवें राहतें. म्हणूनच शेजारच्या पानांत तें ओळखूं येत नाहीं. मला राहवेना. मीं सातवीच्या मुलांना चार-चारांच्या टोळ्या करून तेथें नेलें. प्रत्येकाला आंत डोकवावयाचें होतें, आणि मींच बोटानें पान कलतें करून तीन इवलीं अंडीं दाखविलीं. तिसऱ्या दिवशीं देठाला चीर गेलेली दिसली. पान पिवळें पडलें. हिरव्या रोपावर तें दिव्यासारखें उठून दिसूं लागलें. रविवारीं उपासनेहून परतलों, तों कावळा आपलें काम उरकून गेला होता.

त्याच आठवड्यांत मीं एका मुलाची बेचकी काढून घेतली होती, आणि त्याला वर्गापुढें उभें करून रेव्हरंड टिळकांच्या 'केवढें हें क्रौर्य!' ह्या कवितेची आठवण दिली होती. सोमवारीं तोच मुलगा रोपापाशीं येऊन उभा राहिला. तो कांहीं बोलला नाहीं. मला त्याच्याकडे पाहवेना. दुसऱ्या दिवशीं वर्गांत, तें पान माझ्या बोटानें मोडलें, एवढें मीं सांगितलें.

तेव्हांपासून माझें मत असें बनलें आहे कीं, मुलांना पक्षी दाखवावा, घरटें दाखवूं नये. गाणें ऐकवावें, ये-जा दुरून मोजावी. घरटें त्याच्या धन्याचें राहूं द्यावें. छायाचित्रासाठीं फांदी बाजूस सारणें हेंहि त्यांतच आलें. मोबाइलवर दयाळाची शीळ वाजवून त्याला बोलावण्याचा एक नवा खेळ निघाला आहे. त्या बिचाऱ्याला वाटतें, कोणी प्रतिस्पर्धी हद्दींत शिरला; आणि पिलांचा घांस टाकून तो भांडावयास धांवतो. पिंजऱ्यांतल्या राघूविषयीं अधिक काय लिहावें? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्याकडील पोपट असा कोंडून ठेवणें गुन्हा आहे. तरीहि कांहीं ओसऱ्यांवर पिंजरे टांगलेले मला दिसतात, आणि त्या घरचीं मुलें माझ्याच वर्गांत बसतात.

पालकांनीं करण्यासारखें सोपें काम म्हणजे सावलींत एक पसरट मातीचें परळ ठेवावें. पाणी दोन बोटें, मध्यें एक खडबडीत दगड, आणि जागा अशी कीं मांजराला दबा धरतां येऊं नये. परळ रोज घासून नवें पाणी भरावें. आणि बालमित्रांनो, हें काम आईवर ढकलूं नका.

यंदा आमच्या कुंपणाच्या जास्वंदींत बुलबुलांनीं संसार थाटला. मुलांना मीं ओसरीच्या पायरीवर बसविलें. तेथून घरटें दिसत नाहीं. आई-बाप चोंचींत अळी घेऊन पानांआड शिरतात, तेवढें दिसतें. पांचवींतल्या एका मुलीनें वहींत रेघा ओढून अर्ध्या तासांत ९ खेपा मोजल्या.

"पण सर, आंत पिलें किती आहेत?" तिनें विचारलें.

"मलाहि ठाऊक नाहीं," मी म्हणालों.

तिनें माझ्याकडे जरा अविश्वासानें पाहिलें, आणि पुढची रेघ ओढावयास पेन्सिल उचलली.