डॅशबोर्डवरचे काटे : खरं कोण, खोटं कोण?

घरातली गाडी जुनी झाली की तिच्या काट्यांवरचा विश्वास हळूहळू उडत जातो. ‘तो काटा तसाच आहे गं, त्याच्याकडे नको लक्ष देऊस,’ असं यजमान किल्ली हातात देता देता सांगतात आणि आपणही मान डोलावतो. मारुती ८०० आणि अँबॅसडर या दोन्ही गाड्यांचं उत्पादन २०१४ साली थांबलं, पण अंगणांतून आणि सोसायटीच्या आवारांतून त्या अजून उभ्या आहेत. नवी गाडी ऑफिसला जाते आणि मुलांची शाळा, भाजी, दवाखाना यांसाठी जुनी आपल्या वाट्याला येते. तेव्हा मैत्रिणींनो, काट्याकडे लक्ष द्यायचं की नाही, हे ठरवण्याची अक्कलही आपल्यापाशीच हवी ना?

सर्वांत आधी एक सांगते. तेलाच्या कॅनचं चित्र असलेला लाल दिवा गाडी चालू असताना लागला, तर ‘वायरिंगचा दोष असेल’ असं कोणीही म्हणो, गाडी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. इंजिनात तेल फिरत नसेल तर मिनिटा-दोन मिनिटांत आतले भाग एकमेकांवर घासून जाम होतात आणि मग खर्च हजारांत मोजायचा. थोडा वेळ थांबून सपाट जागी तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्ये भरपूर आहे, तरी दिवा जात नाही, तेव्हा कुठे दिव्याच्या स्विचवर संशय घ्यायचा, आणि तोही मेकॅनिकने दाब मोजल्यावर. उलट परीक्षाही रोज करता येते. किल्ली फिरवली, इंजिन अजून सुरू केलेलं नाही, तेव्हा हा दिवा आणि बॅटरीचा दिवा लागलेच पाहिजेत. लागले नाहीत तर बल्ब गेला असेल किंवा वायर सुटली असेल. असा मुका दिवा खोट्या दिव्यापेक्षा वाईट, कारण संकट आलं तरी तो बोलणारच नाही.

आता काटे. पेट्रोलच्या काट्याचं काम समजायला गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतला तरंगता गोळा आठवा. पेट्रोलच्या टाकीतही तसाच एक गोळा असतो. तो वर-खाली होतो तसा विजेच्या वाटेतला अडथळा कमी-जास्त होतो आणि तेवढा प्रवाह काट्यापर्यंत जातो. बऱ्याच जुन्या गाड्यांत काट्यामागे दोन धातूंची जोडपट्टी असते, आपल्या इस्त्रीत असते तशीच. प्रवाहाने ती तापते, वाकते आणि काटा सरकतो. म्हणूनच किल्ली फिरवल्यावर तो सावकाश चढतो. तो दोष नव्हे.

उष्णतेच्या काट्याचंही असंच. फक्त तिथे गोळ्याऐवजी इंजिनाच्या पाण्यात बुडालेला लहानसा सेन्सर असतो. म्हणजे प्रत्येक काट्याची तीन ठिकाणं : तिकडचा सेन्सर, इकडचा काटा आणि मधली वायर. शिवाय फ्यूज आणि अर्थिंग सगळ्यांना सामाईक. त्यामुळे पहिला प्रश्न हा विचारायचा, की एकच काटा बिघडलाय की दोन्ही?

दोन्ही एकदम पडले असतील, तर दोन सेन्सर एकाच दिवशी मरतील असं सहसा होत नाही. फ्यूज पाहावा. तो जळला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घालावा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवणारे महाभाग अजून आहेत, त्यांना हात लावू देऊ नये. फ्यूजच्या टोकांवर पावसाळ्यात गंज चढतो, तो बारीक पॉलिशपेपरने घासला तरी काटे जागे होतात. काही जुन्या गाड्यांत मीटरमागे एक छोटी डबी असते, ती काट्यांना सरासरी दहाएक व्होल्टच पोचू देते. ती बिघडली की दोन्ही काटे एकदम वर चढून बसतात किंवा एकदम झोपतात.

आमच्या धाकट्या जाऊबाईंना मेकॅनिकने ‘अख्खा मीटर बदलावा लागेल’ असं सांगितलं होतं. मी त्यांना फोनवर एवढंच म्हटलं, की रात्री दिवे लावा, मग इंडिकेटर द्या आणि काटे काय करतात ते बघा. इंडिकेटरच्या टकटकीबरोबर दोन्ही काटे मान हलवत होते! हे अर्थिंग सैल झाल्याचं लक्षण. मीटरमागचा एक स्क्रू काढून घासून पुन्हा घट्ट बसवला, आणि मीटर आहे तिथेच आहे. मेकॅनिक लबाड होता असं मी म्हणणार नाही. त्याला मीटर काढून नवा घालणं सोपं वाटलं, इतकंच. पण पैसे आपले जात होते.

एकच काटा बंद असेल तर परीक्षा अशी. उष्णतेचा काटा कायम थंडीवरच असेल, तर किल्ली बंद करून, इंजिन गार असताना, सेन्सरवरची एकपदरी वायर काढायची. किल्ली फिरवायची आणि ती वायर इंजिनाच्या स्वच्छ धातूला दोन-तीन सेकंदच टेकवायची. काटा उष्णतेकडे चढला, तर काटा आणि वायर ठीक, सेन्सर खराब. हलला नाही, तर दोष वायरीत किंवा मीटरमध्ये. जास्त वेळ टेकवून ठेवू नये, काटा जळेल. पेट्रोल-इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटरला जाणारा दुसरा सेन्सरही जवळच असतो, त्याला मात्र हात लावायचा नाही. पेट्रोलच्या काट्याची परीक्षा याच तत्त्वावर होते, बहुतेक गाड्यांत वायर टेकवली की काटा ‘भरलेली’कडे जातो, काहींत उलट. पण ती टाकीजवळ करायची असते आणि एका ठिणगीनं अनर्थ होईल. ती मेकॅनिककडूनच करून घ्यावी. आपण समोर उभं राहून काटा बघावा.

आता माझा खरा जीव अडकतो तो इथे. उष्णतेचा काटा खालीच राहतो याचं आणखी एक कारण असतं. गाडी एकदा तापली की आपल्याकडचे काही मेकॅनिक थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह सरळ काढून टाकतात. मग इंजिन गरमच होत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि आपण काट्याला नावं ठेवतो. आणि याहून वाईट म्हणजे, घाटात काटा चढता चढता अचानक खाली आला तर ‘बरं झालं, गार झाली’ असं समजू नका. रेडिएटरचं पाणी संपलं की सेन्सर पाण्याबाहेर कोरडा पडतो आणि काटा खाली येतो. बॉनेटमधून वाफ, गोडसर वास, हीटरमधून एकाएकी गार हवा, यांतलं काही जाणवलं तर काट्याचं न ऐकता थांबावे. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. कुकरचं झाकण वाफ असताना उघडतो का आपण? निदान अर्धा तास जाऊ द्यावा.

पेट्रोलचा काटा दुरुस्त होईपर्यंत रोजच्या हिशेबाच्या वहीत एक पान राखून ठेवावे. टाकी पूर्ण भरायची, किलोमीटर लिहायचे. पुन्हा पूर्ण भरताना किती लिटर बसलं ते लिहायचं. पळालेल्या किलोमीटरना लिटरने भागलं की सरासरी मिळते. टाकीत किती मावतं ते गाडीच्या पुस्तकात असतंच; त्यातले पाच लिटर नाहीतच असं समजून पुढचा हिशेब करावा.

अर्थात यासाठी किलोमीटरचा आकडा खरा हवा. जुन्या गाडीत गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत एक फिरती केबल असते. वेगाचा काटा थरथरत असेल तर केबल कोरडी झाली आहे किंवा कुठेतरी मुरगळली आहे. वेग आणि किलोमीटर दोन्ही बंद असतील तर केबल तुटली असण्याचा संभव जास्त, आणि ती स्वस्तात मिळते. वेग दिसतोय पण आकडे सरकत नाहीत, तर मात्र मीटरच्या आतलं दातेरी चाक गेलं, ते मीटर दुरुस्त करणाऱ्याकडेच न्यावं लागतं. तोवर वहीत आकड्यांऐवजी ठरावीक फेऱ्या लिहाव्यात : शाळा जाऊन-येऊन किती, बाजार किती. ती अंतरं एकदा शेजारच्यांच्या गाडीने मोजून ठेवली की झालं.