टेन्शन देतं कोण?

"टेन्शन घेऊ नको." आमच्या धक्क्यावर हे वाक्य दिवसातून पन्नास वेळा ऐकू येतं. क्रेनची झोळी डोक्यावर सुटता सुटता राहिली, टेन्शन घेऊ नको. खाडा पडला, हजेरी कापली, टेन्शन घेऊ नको. पोरीच्या फीची तारीख उलटून गेली, टेन्शन घेऊ नको यार. आपल्या बोलीनं टेन्शनचा मामला घेण्यादेण्याचा करून ठेवलाय, शेजारणीकडच्या उसन्या पिठासारखा. मग गड्यांनो, साधा सवाल आहे. घेणारे आपण, ते तर रोज घेतोच. देणारा कोण? त्याला कधी कुणी सांगितलं का, की बाबा रे, देऊ नकोस?

हे आत्ता लिहायला कारण घडलं. मागल्या पावसाळ्यात आमच्या टोळीतला एक जण बोटीच्या पोटात गोणी उचलताना खाली बसला तो उठलाच नाही. वय बेचाळीस. डॉक्टरनं हार्ट लिहिलं. टोळीत आधीच बारांच्या जागी नऊ माणसं होती, आता आठ राहिली. काम बारांचंच. कंत्राटदाराला महिन्याभरानं दया आली. त्यानं माणूस दिला नाही, शिबिर दिलं. 'ताणमुक्ती शिबिर.' रविवारी, सुटीच्या दिवशी, बिनपगारी, आणि यायलाच पाहिजे. मुकादम दारात वही घेऊन उभा.

शेडमध्ये सतरंज्या टाकलेल्या. समोर पांढरा सदरा घातलेला एक गुरुजी, गळ्यात माईक. आवाज लोण्यासारखा. म्हणाला, डोळे मिटा. खांदे सैल सोडा. आता समजा, तुम्ही एका समुद्रकिनारी आहात.

अख्खी शेड हसली. तात्या, आमच्या टोळीतला सगळ्यात जुना माणूस, डोळे मिटूनच म्हणाला, "साहेब, जल्म गेला समुद्रकिनारी. दुसरीकडं न्या की कुठंतरी."

गुरुजी पण हसला. माणूस वाईट नव्हता. पण पुढं तो जे बोलला त्यानं माझं टाळकं सरकलं. म्हणाला, ताण बाहेर नसतोच, तो तुमच्या मनात असतो. परिस्थिती तुमच्या हातात नाही, प्रतिक्रिया तुमच्या हातात आहे.

हे मी कुठंतरी ऐकलेलं होतं. घरी आल्यावर आठवलं. माझ्या पणज्याला गावात हेच सांगायचे, की बाबा, तुझ्या वाट्याला जे आलं ते तुझ्या मागल्या जन्माच्या करणीचं, कुणाला दोष देऊ नकोस. आता मागला जन्म कुणाला पटत नाही, मग त्याच्या जागी मन आणून बसवलं. खातं बदललं, कर्जदार तोच. बेचाळीस वर्षांचा माणूस मेला तो चुकीची प्रतिक्रिया दिली म्हणून मेला काय?

आता इथंच लेख संपवून चार शिव्या घातल्या असत्या तर सोपं होतं. पण खोटं कशाला बोलू. शिबिराच्या शेवटी ब्लडप्रेशर मोजलं. माझं वरचं 152, खालचं 98. वय सव्वीस. बाप पन्नाशीच्या आत अर्धांगानं पडलेला मी घरात बघतोय. रात्री झोप येईना, कानात ठोके वाजत. तेव्हा त्याच गुरुजीनं सांगितलेला एक प्रकार करून पाहिला. श्वास सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर. दहा-पंधरा मिनिटांत ठोके खाली आले. झोप लागली. मला रागच आला, की च्यायला हे चालतंय कसं?

आमच्या वस्तीतली एक पोरगी नर्सिंगला आहे. मी दहावीवाला, इंग्रजी कागद दिसला की घाम फुटतो. तिनं वाचून उलगडून सांगितलं. झोपडीत साप निघाला की मूत्रपिंडांवर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी रस सोडतात. हृदय धावतं, नसा आवळतात, रक्तात साखर चढते. पळा नाहीतर मारा. साप गेला की सगळं जागेवर येतं. पण मुकादम काही जात नाही. तो बारा तास डोक्यावर. कर्जाचा हप्ता रात्रीही अंथरुणात. मग नसा आवळलेल्याच राहतात, आणि वर्षानुवर्षं तसं चाललं की हृदय, मेंदू, साखर, सगळ्याचं वाटोळं होतं. श्वास ही त्यातली एकच कळ अशी आहे की जी आपोआप पण चालते आणि आपल्या हातानं पण चालवता येते. श्वास सोडणं लांबवलं की हृदयाचा वेग उतरतो.

2001 साली इटलीतल्या डॉक्टरांनी एक गंमत केली. काही लोकांना लॅटिनमधली मेरीची माळ जपायला लावली, आणि त्यांनाच 'ॐ मणि पद्मे हूँ' म्हणायला लावलं. दोन्हीत श्वास मिनिटाला सहावर आला आणि हृदयावर परिणाम जवळपास सारखा झाला. म्हणजे ना मेरीची करामत ना मंत्राची. मिनिटाला सहा श्वास, बस्स. कुठल्या बुवाला त्याची दक्षिणा द्यायची गरज नाही. आम्ही गोणी उचलताना 'हैश्या' म्हणतो ते काय आहे? श्वास दाबून वजन उचललं की रक्तदाब एकदम उसळतो. ओरडलं की श्वास सुटतो. आमच्या आज्या-पणज्यांना हे कुणी शिबिरात शिकवलं नव्हतं.

तरी याचा पण डंका पिटू नका. 2014 साली अमेरिकेत ध्यानावरच्या 47 चाचण्या, साडेतीन हजारांवर माणसं, एकत्र करून तपासल्या. चिंता, उदासी, दुखणं यात थोडा फायदा दिसला. पण औषधापेक्षा किंवा व्यायामापेक्षा ध्यान सरस आहे असं काही निघालं नाही. तेव्हा ज्याला डॉक्टरनं बीपीची गोळी दिलीय त्यानं श्वासाच्या भरवशावर गोळी सोडली तर तो मरेल. तात्या हेच करत होता. मी भांडून त्याला परत गोळीवर आणलाय.

आता देणाऱ्याकडं येऊ. 'स्ट्रेस' हा शब्द डॉक्टरकीत रुजवला हान्स सेल्ये या माणसानं. 1936 साली त्यानं उंदरांना थंडी, जखमा, विष असं नाना तऱ्हेनं छळलं. छळ कुठलाही असो, ग्रंथी सुजल्या, पोटात अल्सर झाले. म्हणजे मुळात सिद्ध काय झालं, तर छळलं की शरीर मोडतं. उंदराच्या मनात खोट होती असं तो म्हणाला नाही. पण पुढं याच सेल्येनं सिगारेट कंपन्यांचे पैसे घेतले, आणि कंपन्यांनी त्याचं नाव पुढं करून सांगितलं, की लोक मरतात ते ताणानं, आमच्या धुरावर कशाला घसरता? मालकाला ताण हा शब्द का आवडतो ते कळलं ना? ताणाला पत्ता नसतो. त्याच्यावर मोर्चा नेता येत नाही.

आणि ताण साहेबालाच असतो, जबाबदारी मोठी असते म्हणून, असं आपल्याला वाटतं ना? 1967 पासून लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतली सतरा-अठरा हजार पुरुष माणसं डॉक्टरांनी वर्षानुवर्षं तपासली. हृदयविकारानं मरणाऱ्यांत सगळ्यात खालचे शिपाई-हरकामे वरच्या साहेबांच्या तीनपटीपेक्षा जास्त निघाले. विडीकाडी, रक्तदाब, चरबी सगळं हिशोबात धरलं तरी मोठा फरक उरलाच. पुढं 1979 मध्ये कारासेक नावाच्या संशोधकानं मांडलं, की काम दाबून आणि अधिकार शून्य, ही जोडी माणसाला खाते. आमच्याकडं या, फुकट दाखवतो.

माझा आजा याच गोदीत होता. त्याचं हृदय काही लोखंडाचं नव्हतं, वजन तर तो माझ्यापेक्षा जास्त उचलायचा. पण त्याच्या खिशात कार्ड होतं. 1948 च्या कायद्यानं रोजच्या रोज फाटकावर उभं राहणाऱ्या गोदी कामगारांची नोंदणी व्हायला लागली. काम नसलं तरी हजेरीचे पैसे. उद्या चूल पेटणार हे आज माहीत. आजा रात्री घोरत झोपायचा. 1989 ला न्हावाशेवा उघडलं, पेट्या तिकडं गेल्या, मग हळूहळू कंत्राटदार आले. माझ्या बापाच्या खिशात कार्ड नव्हतं. माझ्याही नाही. आजाला कुणी ध्यान शिकवलं नव्हतं, त्याला गरजच पडली नाही.

यात जातीचा भार वेगळा. डबा खाताना कोण कुठं सरकून बसतं ते आपल्या पाठीला पण दिसतं. अमेरिकेत जॉन हेन्री मार्टिन नावाचा एक काळा शेतमजूर होता. शाळा दोन इयत्ता. स्वतः लिहायला-वाचायला शिकला, चाळिशीपर्यंत 75 एकर जमीन स्वतःची केली. साठीच्या आत रक्तदाब, सांधे, आणि अल्सरपायी पोटाचा मोठा तुकडा कापून काढलेला. शर्मन जेम्स या काळ्या संशोधकानं त्याची कहाणी ऐकली आणि 1983 साली दाखवलं, की साधनं कमी आणि जिद्द अफाट असलेल्या काळ्या पुरुषांत रक्तदाब जास्त. हे ऐकून माझी झोप परत उडाली. कारण आपल्याला लहानपणापासून काय सांगितलंय? दुप्पट मेहनत कर. केली. पण त्याची किंमत कुठल्या नसेतून वसूल होते हे कुणी सांगितलं नव्हतं.

पण एक बाई मला गुरुजीपेक्षा जास्त शिकवून गेली. ब्लॅक पँथर, 1966 ची, जिच्यावरून 1972 साली इथं आपल्या लोकांनी नाव घेतलं, त्यातली एरिका हगिन्स. 1969 च्या जानेवारीत तिच्या नवऱ्याला लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात गोळ्या घातल्या. मुलगी तीन आठवड्यांची. मे महिन्यात हिलाच तुरुंगात टाकलं. मुलगी बाहेर, ही कोठडीत, कधी एकटीच. तिथं ती आपली आपण ध्यान करायला शिकली. तिनं काय तुरुंग मनात आहे म्हणून डोळे मिटले? भिंत खरी होती हे तिला पक्कं ठाऊक होतं. वेड लागू न देता खटला लढायचा होता म्हणून मिटले. 1971 ला सुटली आणि नंतर पँथरच्या ओकलंडमधल्या शाळेची संचालक झाली.

काही दोस्त म्हणतील, मग इगतपुरीला जा. 1976 पासून तिथं विपश्यना चालते, जेवणखाण-राहणं फुकट. आपले पुष्कळ लोक जातात, बरं वाटलं म्हणतात, मी कोण नाही म्हणणारा. पण दहा दिवस! सरकारी नोकराला त्यासाठी रजेची सोय आहे. माझे दहा खाडे कोण भरणार? परत आलो तर टोळीत जागा राहील का? आणि विपश्यनेला जाणाऱ्यानं बाबासाहेबांच्या ग्रंथातला सिद्धार्थ पण वाचावा. तिथं तो म्हातारा, रोगी, प्रेत बघून घर सोडत नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय लढायला उठतात, हा युद्धाला विरोध करतो, म्हणून देश सोडावा लागतो. दुःख पाण्याच्या वाटणीत होतं. ध्यान त्यानंतरचं.

सध्या आम्ही एवढंच करतो. दुपारच्या सुटीत शेडमागं सात-आठ जण बसतो. तात्या हातानं मोजतो, आत, बाहेर. मग कुणाकुणाचं बीपी किती ते एका वहीत लिहितो. नर्सिंगवाल्या पोरीनं तिचं मशीन दिलंय. टोळीत माणसं किती होती तेही त्याच पानावर लिहितो, तारखेसकट. वही माझ्याकडं असते.

मागल्या आठवड्यात शिबिराचा फॉर्म आला. 'आपल्या सूचना' अशी तीन ओळींची जागा. मी लिहिलं, टोळीत बारा माणसं द्या. सगळ्यांनी तेच लिहिलं, तात्यानं माझ्याकडून लिहून घेतलं. काल मुकादम आठही फॉर्म घेऊन परत आला. विचारत होता, अक्षर कुणाचं?